शेवटचा भाग आणि परभणीचा प्रेक्षक

भयमालिकेचा शेवटचा भाग झाला की दुसऱ्या दिवशी परभणीत दोन प्रश्न कानावर येतात. पहिला, ‘मंग ते भूत होतं का माणूस?’ आणि दुसरा, ‘आन् त्या पोरीचं काय झालं?’ पहिला प्रश्न साऱ्या महाराष्ट्रात विचारला जातो. दुसरा कुणी विचारला की मी कान देऊन ऐकतो, कारण त्या माणसाला कथेतल्या चलाखीपेक्षा कथेतल्या माणसांची काळजी असते. भयकथांच्या शेवटांबद्दल मराठी प्रेक्षक आजवर जे बोलत आला, भांडत आला, त्याचा आढावा हे दोन प्रश्न हाताशी धरूनच घेता येतो. आणि परभणी जिल्ह्यात बसून तो घ्यायचा म्हटलं तर एका गावापाशी थांबणं टाळता येत नाही. ते गाव मानवत.

आधी एक अडचण सांगायला हवी. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत अशी जी भयमालिका असते, तिला खरं म्हणजे शेवटचा भाग नसतोच. सगळ्यात शेवटी दाखवलेली गोष्ट, एवढाच त्याचा अर्थ. तरीही प्रेक्षक त्या एका गोष्टीवर सगळ्या मालिकेचं ओझं टाकतो. अमेरिकेतली ‘ट्वायलाइट झोन’ १९५९ ते १९६४ चालली, तिचे दीडशेहून जास्त भाग झाले. पोहण्याच्या तलावात बुडी मारून दुसऱ्याच जगात निघणाऱ्या भावंडांची गोष्ट तिच्यात सर्वांत शेवटी दाखवली गेली. तिच्या चाहत्यांपैकी अनेकांना ती आजही मालिकेच्या तोलाची वाटत नाही. ब्रिटनमधल्या ‘इनसाइड नंबर नाइन’चं उलटं झालं. जून २०२४ मध्ये ती संपली, तेव्हा तिच्या दोघा लेखक-नटांनी शेवटच्या भागात स्वतःच्याच भूमिका केल्या आणि मालिका संपणं हाच विषय घेतला. प्रेक्षकांनी तो निरोप मनापासून घेतला. आपल्याकडे १ जानेवारी २०२० ला आलेल्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये चार दिग्दर्शकांच्या चार गोष्टी होत्या. माणसं माणसांना खातात अशा गावाची दिबाकर बॅनर्जींची तिसरी गोष्ट बहुतेकांना आवडली आणि करण जोहरची चौथी बहुतेकांना फिकी वाटली. क्रम उलटा असता तर एकूण मत थोडं बरं झालं असतं, असं मला वाटतं. शेवटी जे दाखवाल तेच लोक घरी घेऊन जातात.

मराठी वाचकाला भयकथेच्या शेवटाची सवय पडद्याने लावली नाही, पुस्तकांनी लावली. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ही ती दोन नावं. जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात धारपांचं पुस्तक मागा. जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेलं, कडा काळ्या पडलेल्या, आणि बऱ्याचदा शेवटची पाच-सहा पानं गळालेली. ग्रंथपालाला विचारलं तर तो आधी कुणी नेलं होतं त्याचं नाव सांगायचा, आणि मग शेवट त्या माणसाच्या तोंडून ऐकावा लागायचा. अशा तोंडी शेवटांवर आमची एक अख्खी पिढी वाढली. सांगणारा आपल्या पदरचं घालायचा, ऐकणारा वाद घालायचा. शेवटच्या भागावर प्रेक्षकांनी तावातावाने बोलायची रीत टीव्हीच्या आधीपासूनची आहे ती अशी.

दोघांच्या शेवटांची घडण अगदी वेगळी. धारपांच्या कथेत दुष्ट शक्ती खरी असते, बाहेरून येते, आणि तिच्याशी लढायला ‘समर्थ’ हे त्यांचं नेहमीचं पात्र येतं. वाचक कितीही घाबरला तरी पुस्तक मिटल्यावर त्याला झोप लागते, कारण घर पुन्हा माणसांच्या ताब्यात आलेलं असतं. धारप पाश्चात्त्य भयकथेचे कसून वाचन करणारे लेखक होते. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून त्यांनी ‘लुचाई’ रचली. तरी शेवटी सुव्यवस्था परत यावी हा त्यांचा आग्रह आपल्या कहाण्यांच्या, व्रतकथांच्या जातीचा आहे. मतकरींची वाट दुसरी. ‘खेकडा’, ‘ऐक टोले पडताहेत’, ‘फाशी बखळ’ या संग्रहांतलं भय पुष्कळदा माणसाच्या मनातून, त्याच्या अपराधातून किंवा एकटेपणातून उगवतं. शेवटच्या परिच्छेदात गोष्ट अशी वळते की आधी वाचलेलं सगळं पुन्हा वाचावं लागतं. तिथे कुणी सोडवायला येत नाही. धारपांचा शेवट रक्षणकर्त्याच्या बाजूने होतो, मतकरींचा जो सापडला त्याच्या बाजूने. मराठी प्रेक्षकाच्या मतांमध्ये आजही जी फाळणी दिसते तिचं मूळ मला इथे दिसतं. धारप पचवलेल्याला शेवट बांधलेला हवा असतो, मतकरी पचवलेल्याला तो टोचणारा हवा असतो.

दोघांचंही लेखन छोट्या पडद्यावर आलं. मतकरींची ‘गहिरे पाणी’ आणि धारपांच्या कथांवरची स्टार प्रवाहवरची ‘अनोळखी दिशा’ या दर वेळी नवी गोष्ट सांगणाऱ्या खऱ्या मराठी भयमालिका. त्याआधी १९९३ पासून रामसे मंडळींचा ‘झी हॉरर शो’ आणि १९९५ पासून ‘आहट’ यांनी हिंदीतून घराघरात धडकी भरवली होती. या मालिकांबद्दल परभणीत एक वेगळीच तक्रार ऐकायला मिळते, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यांतून दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. भूत दाराशी आलं की लाइट जायची आणि येईपर्यंत दुसरा कार्यक्रम लागलेला असायचा. अनेकांना अनेक गोष्टींचे शेवट माहीतच नाहीत. मला तर वाटतं, अर्धवट राहिलेल्या त्या गोष्टींनीच इथल्या प्रेक्षकाला शेवटाबद्दल इतकं हट्टी केलं. एकदा गोष्ट ऐकायला बसलो तर ती पुरी सांगा, असा त्याचा धोशा असतो.

आता लांबत गेलेल्या भयमालिकांकडे येऊ, कारण अलीकडची बहुतेक मतं त्यांच्याबद्दलच आहेत. झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपली. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, अण्णा नाईकांचं कुटुंब, मालवणी बोली, रात्री साडेदहाची वेळ. मालवणीचा गंधही नसलेल्या गोदावरीकाठच्या घरांतही ती नेमाने पाहिली गेली. आठ महिने भुताची चाहूल दिली आणि शेवटी माणसाचा हात दाखवला, यावर मोठी नाराजी झाली. आमच्याकडेही झाली. ‘एवढं भेवडवून शेवटी घरातलंच भांडण?’ असा सूर होता. पण तेवढ्याच जोराने दुसरी बाजूही बोलली जात होती. अंधश्रद्धेला खतपाणी न घालता मालिका संपवली हे बरं केलं, असं म्हणणारे शिक्षक, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि बऱ्याच घरांतल्या आयाही होत्या, कारण पोरं रात्री अंगणात जायला तयार नव्हती. मग २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं. ते मागच्या काळात गेलं, अण्णा आणि शेवंता यांची गोष्ट सांगू लागलं, आणि माधव अभ्यंकर व अपूर्वा नेमळेकर यांनी ती दोन माणसं अशी उभी केली की प्रेक्षक भूत विसरून माणसांत गुंतला. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात तीच दोघं सरळ भूत होऊन वाड्यात फिरू लागली. म्हणजे एकाच वाड्यात आधी भूत नव्हतं, नंतर होतं. पहिल्या पर्वाचा शेवट ज्यांनी विवेकाचा म्हणून उचलून धरला होता, त्यांचा विश्वास तिसऱ्या पर्वाने मोडला, आणि ही तक्रार मला रास्त वाटते. भुताची गोष्ट सांगायला काहीच हरकत नाही. पण एकदा घालून दिलेला नियम पाळायला हवा. प्रेक्षक शेवटावर चिडतो तेव्हा पुष्कळदा तो शेवटावर चिडलेलाच नसतो. पहिल्या भागात दिलेला शब्द मोडल्याबद्दल तो चिडलेला असतो.

दुसरी एक चीड आहे ती न संपवण्याबद्दल. ‘देवमाणूस’ ही सत्य घटनेवर बेतलेली मालिका ऑगस्ट २०२१ मध्ये संपली म्हणायची, पण शेवट मोकळा ठेवला आणि डिसेंबरात दुसरं पर्व दाखल झालं. जून २०२४ च्या ‘मुंज्या’ चित्रपटात तर नामावली संपल्यावर पुढच्या चित्रपटाची वर्दी देणारा प्रसंग जोडला होता आणि लोक त्यासाठी खुर्चीत बसून राहिले. काहींना ही गंमत वाटते. मला हा शेवटाचा अपमान वाटतो. गोष्टीचं अखेरचं पान पुढच्या दुकानाची पाटी व्हायला नको.

‘मुंज्या’चं नाव निघालंच आहे तर आता मानवतकडे वळतो, कारण ही वाट पिंपळाखालून जाते. त्या सिनेमातला मुंजा झाडावर राहतो, लग्नासाठी हट्ट करतो, आणि प्रेक्षक घाबरत घाबरत हसतो. त्याच वर्षी, चार महिन्यांनी, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ ही आठ भागांची मराठी मालिका आली. तिच्यातही पिंपळ आहे, मुंजा आहे, गुप्तधन आहे. फरक इतकाच की हे सगळं आमच्या जिल्ह्यात घडलेलं आहे आणि न्यायालयाच्या कागदांत नोंदलेलं आहे.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात मानवत आणि परिसरात दहा जीव घेतले गेले. त्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली होत्या, एक तान्हं लेकरू होतं आणि चार पस्तिशीच्या आसपासच्या बाया होत्या. खटल्यात पुढे आलेली हकिगत अशी की, मूल व्हावं आणि वाड्यातल्या पिंपळाखालचं धन हाती लागावं म्हणून, मांत्रिकाच्या सांगण्यावरून, पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकांचं रक्त द्यायचं ठरलं. सुरुवात झाली ते साल नीट लक्षात घ्या. १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या होत्या, माणसं खडी फोडायला जात होती, ज्वारीच्या दाण्यासाठी रांगा होत्या. अशा दिवसांत जमिनीखालच्या हंड्याची गोष्ट ऐकायला माणूस किती लवकर तयार होत असेल, हे समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. बळी गेलेल्या पोरी-बायांच्या घरांमागे कुणी मोठा माणूस उभा नव्हता. ज्यांच्यावर संशय होता त्यांचं गावात वजन होतं.

स्थानिक तपास अडल्यावर मुंबईचे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना बोलावलं गेलं. मुंबईतल्या रमण राघवच्या खूनसत्राच्या प्रकरणाने त्यांचं नाव आधीच गाजलं होतं आणि पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनी धागे जुळवले, आरोपींना अटक झाली, अठरा जणांवर खटला उभा राहिला, काही जण माफीचे साक्षीदार झाले. अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७७ चा ‘दगडू आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा न्या. य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर कुणाला दोषी धरणं धोक्याचं आहे, प्रत्येक आरोपीपुरता त्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा हवा, हे तत्त्व त्यात ठळकपणे मांडलं आहे. या कसोटीवर, ज्यांच्यासाठी हे सगळं घडलं असा आरोप होता ती दोन मुख्य माणसं, रुक्मिणी आणि उत्तमराव, अपिलाच्या टप्प्यात सुटली. प्रत्यक्ष हत्यांत हात असल्याचं सिद्ध झालेल्या काहींची शिक्षा कायम राहिली.

या गोष्टीचा शेवट कुठला म्हणायचा? अटक हा शेवट, निकाल हा शेवट, की ज्या घरातली लेक गेली त्या घराचा शेवट? ‘मानवत मर्डर्स’च्या अखेरीबद्दल परभणीत जी मतं ऐकू येतात, ती या तीन जागांवर उभी राहून दिलेली आहेत. म्हणूनच ती एकमेकांना भेटत नाहीत.

तरुण प्रेक्षकाचं मत सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं. त्याला वातावरण आवडलं, सोनाली कुलकर्णींची रुक्मिणी आणि सई ताम्हणकरांची समिंद्री आवडली, विनोदी भूमिकांमधून ओळखीचे झालेले मकरंद अनासपुरे उत्तमरावाच्या भूमिकेत पाहून तो दचकला. पण कोण असेल हे अर्ध्या वाटेतच कळतं, मग शेवटी धक्का उरत नाही, गती मंद आहे, असं तो म्हणतो. भयमालिका पाहून पाहून शेवटी धक्का बसलाच पाहिजे ही सवय त्याला लागली आहे. मी त्याच्याशी सहमत नाही. मानवतच्या गोष्टीत ‘कोण’ हे कोडं कधीच नव्हतं. गावातल्या पुष्कळांना कुणकुण होती, असंच जुनी माणसं सांगतात. भीती होती ती कुणकुण असूनही कुणी बोलत नव्हतं याची. दिग्दर्शक आशिष बेंडे यांनी रहस्याचा हव्यास सोडून ही गप्प राहिलेली माणसं दाखवली, हे मला या मालिकेचं मोठं काम वाटतं. ‘आत्मपॅम्फ्लेट’सारखा खेळकर सिनेमा करणाऱ्या माणसाने इतकं आवरून काम करावं याचं मला कौतुक आहे.

दुसरं मत सत्तरीकडे झुकलेल्यांचं. हत्या चालू होत्या तेव्हा जे शाळेत होते, त्यांना मालिकेतली रात्र, कंदील, धूर हे सगळं परकं वाटतं. त्यांच्या आठवणीतली दहशत दिवसाढवळ्याची आहे. पोरींना एकटीने रानात पाठवायचं नाही, शाळा सुटली की वडीलधाऱ्याने आणायला जायचं, अनोळखी माणसाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. मानवतपासून कोसभर लांबच्या खेड्यांतही हेच नियम होते, आणि अटक झाली म्हणून ते दुसऱ्या दिवशी सैल झाले नाहीत. आरोपी पकडले गेले की मालिका संपते, घरातलं भय पुढे काही वर्षं राहिलं, असं एका आजींनी फार साध्या शब्दांत सांगितलं : ‘त्यायला धरलं, पण आमाला कुठं सोडलं?’ शेवटच्या भागावरचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

तिसरं मत खुद्द मानवतकरांचं, आणि ते दुखावलेलं आहे. कापसाची मोठी बाजारपेठ, जुनं व्यापारी गाव, पण बाहेरगावी नाव सांगितलं की समोरचा विचारतो, ‘ते हत्याकांडाचं का?’ निम्म्या शतकाने ही ओळख पुसत आली होती, ती मालिकेने पुन्हा ताजी केली. ‘मपल्या गावाचं नाव शीर्षकात कामून?’ हा त्यांचा सवाल आहे. याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. अमोल पालेकर आणि विजय तेंडुलकर यांनी १९८१ मध्ये याच प्रकरणावर ‘आक्रीत’ केला, तेव्हा पात्रांची नावं बदलली होती. पालेकरांचं दिग्दर्शनातलं ते पदार्पण. फ्रान्समधल्या नान्तच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, पण मानवतच्या माथ्यावर त्याने काही लिहिलं नाही. नाव बदललं की गावाची लाज राखली जाते. नाव ठेवलं की घटना विसरली जात नाही. दोन्ही तोलून पाहता, इतक्या वर्षांनी नाव घेणं योग्य, पण मग गावाचं आजचं रूपही दाखवायला हवं होतं. ज्या गावात हे घडलं तिथलेच लोक साक्षीला उभे राहिले, हेही गावाच्या खात्यात जमा व्हायला हवं.

चौथं मत थोड्यांचं आहे, पण मला ते सगळ्यात वजनदार वाटतं. कोर्टात काय झालं ते पुरतं दाखवा, असं हे प्रेक्षक म्हणतात. मालिका रमाकांत कुलकर्णींच्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या पुस्तकावर बेतलेली आहे, त्यामुळे ती स्वाभाविकपणे तपास करणाऱ्याच्या खांद्यावरून पाहते. आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णी मुद्दाम शांत, कमी बोलणारे ठेवले आहेत, ते मला पटलं. पण अधिकाऱ्याची गोष्ट अटकेशी पुरी होते. कायद्याची गोष्ट तिथे सुरू होते, आणि ती प्रेक्षकाला हवी तशी संपली नाही. ज्या तत्त्वाने मुख्य आरोपी सुटले, ते तत्त्व चुकीचं नाही. निरपराध माणूस साक्षीदाराच्या खोट्या बोटावर फासावर जाऊ नये म्हणूनच ते आहे. हे सगळं एका पूर्ण भागात, खटला म्हणून, बाजू-प्रतिबाजू म्हणून दाखवायला हवं होतं. तसं झालं असतं तर परभणीच्या कॉलेजांतल्या पोरांनी कायद्यावर वाद घातला असता. भुतावरच्या वादापेक्षा तो वाद मला हजारदा हवासा वाटतो.

गुप्तधनावरची दुसरी मोठी गोष्ट ‘तुंबाड’ची. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त लोकांनी तो पाहिला. त्यातल्या एका प्रकरणामागे धारपांची ‘आजी’ ही कथा आहे. त्याच्या शेवटी बापाने पुढे केलेलं सोनं मुलगा घेत नाही. तो एक नकार प्रेक्षकाला इतका मोठा दिलासा देतो की आधीची सगळी विटंबना सहन होते. मी ‘तुंबाड’ आणि ‘मानवत मर्डर्स’ यांचे शेवट शेजारी ठेवून पाहतो तेव्हा हेच बोचतं. मानवतमध्ये ‘तुंबाड’सारख्या पिढ्या गेल्या नव्हत्या, राक्षस नव्हता, विहीर नव्हती, आणि वेळीच नको म्हणणारं एकही माणूस त्या वर्तुळात निघालं नाही.

म्हणून माझं मत सांगतो. कल्पित भयकथेचा शेवट लेखकाचा आहे. त्याने भूत ठेवावं, नाहीतर काढून टाकावं, पण पहिल्या भागात दिलेला शब्द पाळावा. धारपांसारखा बांधलेला शेवट मागणारा प्रेक्षक मागासलेला नाही आणि मतकरींसारखा टोचणारा शेवट मागणारा शहाणा नाही, दोघांची भूक खरी आहे. पण गोष्ट घडलेली असेल, माणसं खरोखर मेली असतील, तर शेवट लेखकाच्या एकट्याच्या मालकीचा राहत नाही. तो आधी त्या मेलेल्यांचा असतो. त्या दहा जणांची घरं, मागे राहिलेली भावंडं, सरकारी मदत आली की नाही, कुणी गाव सोडलं, कुणी राहिलं, हे दाखवायला शेवटच्या भागातली वीस मिनिटंही पुरली असती. ‘त्या पोरीचं काय झालं’ या प्रश्नाला उत्तर देणारी मराठी भयमालिका अजून व्हायची आहे. ती परभणी-नांदेडकडच्या कुणा लेखकाने लिहावी, इथल्या बोलीत लिहावी, आणि लिहिण्याआधी १९७७ चा निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

एक गोष्ट वाचकांसाठी. मानवत घडलं तेव्हा महाराष्ट्रात नरबळीविरोधी असा स्वतंत्र कायदा नव्हता, खुनाच्या कलमांवरच सगळं चाललं. अशा कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा मंजूर केला. गुप्तधन किंवा पाणी शोधण्याच्या नावाखाली केलेल्या अमानुष कृत्यांचा त्याच्या अनुसूचीत समावेश आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्यासाठी पोलीस निरीक्षकाच्या दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. तुमच्या गावात, वस्तीवर, शेतातल्या कुठल्या पडक्या वाड्यात हंड्यासाठी पूजा मांडल्याचं कानावर आलं, तर पुढच्या भागाची वाट पाहू नका. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा आणि तक्रार लेखी द्या.